‘होय’ कोण म्हणालं? नावं सांगा!



१० जुलै २०२५ ला विधानसभेने ‘महाराष्ट्र विशेष जनसुरक्षा विधेयक’ मंजूर केलं. दुसऱ्या दिवशी ११ जुलैला विधान परिषदेनेही केलं. राज्यपालांची सही झाली की विधेयकाचा कायदा होतो. मग सरकार एक अधिसूचना काढून कोणत्याही संघटनेला बेकायदेशीर ठरवू शकेल. तिच्या सभासदाला, तिला वर्गणी देणाऱ्याला, तिची मीटिंग भरवणाऱ्याला उचलता येईल. गुन्हा अजामीनपात्र. शिक्षा दोन वर्षांपासून सात वर्षांपर्यंत.

कायद्यात काय लिहिलंय ते पुढे येईलच. पण आधी एक साधा प्रश्न. आपल्या मतदारसंघाच्या आमदाराने या कायद्याला ‘होय’ म्हटलं की ‘नाही’ म्हटलं?

कोणालाच सांगता येणार नाही. कारण मतं मोजलीच नाहीत. विधेयक आवाजी मतदानाने मंजूर झालं. म्हणजे अध्यक्ष विचारतात, अनुकूल असतील त्यांनी ‘होय’ म्हणावे, प्रतिकूल असतील त्यांनी ‘नाही’ म्हणावे. बाकांवरून आवाज येतो. अध्यक्ष कानाने अंदाज घेतात आणि म्हणतात, विधेयक संमत. झालं. कोणी काय म्हटलं त्याची यादी नाही. कोण गप्प बसलं त्याचीही नाही. त्या वेळी कोण कँटीनमध्ये चहा पीत होता, त्याचीही नाही.

दुसरी पद्धत आहे. मतविभागणी मागता येते, त्याला सभागृहात पोल मागणे म्हणतात. मग एकेकाचं मत मोजलं जातं आणि नाव नोंदलं जातं. लोकांना सात वर्षं जेलात घालणाऱ्या कायद्यावर हा पोल झाला नाही. एकच आमदार उघड विरोधात उभा राहिला. डहाणूचे विनोद निकोले, मार्क्सवादी पक्षाचे, आदिवासी राखीव जागेवरचे. आपली संघटना त्यांच्या पक्षाची नाही, आपले त्यांच्याशी काही बाबतीत वादही आहेत. पण २८८ च्या सभागृहात उघड ‘नाही’ म्हणणारा एकच निघाला, ही गोष्ट गावागावात सांगितली पाहिजे. महाराष्ट्र विधानसभेत आदिवासींसाठी २५ जागा राखीव आहेत. बाकीचे २४ कुठे होते?

आता आपल्या ग्रामसभेकडे बघा. वनहक्काच्या नियमांत २०१२ साली दुरुस्ती झाली. त्याप्रमाणे ग्रामसभेला निम्मे सभासद हजर पाहिजेत. हजर असलेल्यांत एक तृतीयांश बाया पाहिजेत. दाव्याचा ठराव असेल तर निम्मे दावेदार हजर पाहिजेत. सह्या पाहिजेत, अंगठे पाहिजेत. त्यात एक जरी कमी पडलं तरी उपविभागीय समितीकडून फाईल परत येते. शेरा असतो, ‘कोरम नाही’. दीड एकराच्या एकसाली प्लॉटसाठी आपली म्हातारी माणसं डोंगर उतरून अंगठा द्यायला येतात.

आणि विधानसभेचा कोरम किती? घटनेच्या १८९ कलमात दिलाय, एक दशांश. म्हणजे २८८ पैकी २९ माणसं बसली तरी सभा चालते. तिथे अंगठा नाही, सही नाही, नाव नाही. आपल्या ठरावाला हा नियम आणि त्यांच्या ठरावाला तो. आमदारसाहेब, तुमच्या ठरावावर सह्या नाहीत. मग आम्हीपण शेरा मारून परत पाठवायचा का?

आता कायद्यात काय आहे ते ऐका. यात ‘बेकायदेशीर कृत्य’ म्हणजे काय त्याची व्याख्या दिली आहे. बंदूक आणि स्फोटकं तिच्यात आहेत, ते कोणी नाकारत नाही. पण तेवढंच नाही. सार्वजनिक सुव्यवस्थेत अडथळा आणणं आहे, आणि तसा अडथळा येईल असं वागणंही आहे. कायदा चालवणाऱ्या संस्था आणि त्यांच्या माणसांच्या कामात अडथळा आणणं आहे. रेल्वे, रस्ता यांची वाहतूक विस्कळीत करणं आहे. प्रस्थापित कायद्याची आणि संस्थांची अवज्ञा करायला सांगणं, तसा प्रचार करणं आहे. आणि हे नुसत्या बोलण्याने, लिहिण्याने, खुणेने किंवा चित्राने केलं तरी चालतं.

याला आपल्या भाषेत आणा. प्लॉटवर नांगर धरला असताना गार्ड येतो आणि म्हणतो, काम बंद करा. आपण म्हणतो, दावा पेंडिंग आहे, निकाल लागेपर्यंत कायद्याने आम्हाला हलवता येत नाही, नांगर थांबणार नाही. हा झाला कर्मचाऱ्याच्या कामात अडथळा. तहसीलवर मोर्चा नेला, दुपारभर रस्ता अडला. ही झाली वाहतूक विस्कळीत. मीटिंगमध्ये कोणी म्हटलं, खाणीच्या सर्वेवाल्यांना गावात पाय ठेवू देऊ नका. ही झाली अवज्ञेची शिकवण. हे पत्रक लिहिणारा, छापणारा, वाचून दाखवणारा, सगळे त्यात बसवता येतात.

आणि शिक्षा बघा. बेकायदेशीर ठरलेल्या संघटनेचा सभासद असेल तर तीन वर्षं आणि तीन लाख दंड. सभासद नसेल, नुसती मदत केली, वर्गणी दिली-घेतली, तर दोन वर्षं आणि दोन लाख. बेकायदेशीर कृत्य केलं तर सात वर्षं आणि पाच लाख. शिवाय जिल्हाधिकारी एखादी जागा, एखादं घर अधिसूचित करून ताब्यात घेऊ शकतो, राहणाऱ्याला बाहेर काढू शकतो. आपल्या मीटिंगा कुठे होतात? कोणाच्या तरी ओट्यावर, कोणाच्या तरी पडवीत. मोर्चाला शिधा कसा जमतो? घरटी शेरभर तांदूळ. तांदूळ देणारी बाई ‘सभासद नाही पण मदत केली’ यात येते. दंड दोन लाख. रोजगार हमीचा रोज २०२५-२६ साली ३१२ रुपये होता. दोन लाख फेडायला ६४१ दिवस राबावं लागेल. वर्षाला शंभर दिवस काम मिळालं, तेही मिळालं तर, सहा वर्षांच्या वर जातं. पाच लाखाला सोळा वर्षं. शेरभर तांदळाला सहा वर्षांची मजुरी, हा हिशेब विधानसभेत कोणी केला?

सरकार म्हणतं, घाबरू नका, हा कायदा नक्षलवाद्यांसाठी आहे. शांततेने आंदोलन करणाऱ्याला हात लावणार नाही. असं असेल तर तसं कायद्यात लिहा ना! विधेयक पहिल्यांदा जुलै २०२४ ला आलं, विधानसभेची मुदत संपली म्हणून पडलं, डिसेंबर २०२४ ला नागपूरला परत आलं. मग दोन्ही सभागृहांच्या आमदारांची संयुक्त चिकित्सा समिती बसली, महसूल मंत्री चंद्रशेखर बावनकुळे तिचे अध्यक्ष. लोकांनी बारा हजारांवर सूचना-हरकती पाठवल्या. एवढं होऊन बदल झाले मोजके. ‘व्यक्ती आणि संघटना’ असं होतं तिथे ‘कडव्या डाव्या विचारसरणीच्या किंवा तत्सम संघटना’ असं आलं. सल्लागार मंडळात कोण बसणार ते बदललं. तपास फौजदाराऐवजी डीवायएसपीकडे गेला. पण वर सांगितलेली व्याख्या तशीच राहिली. आणि ‘तत्सम’ या शब्दाचा अर्थ काय? ‘त्यासारखी’. कोणासारखी, किती सारखी, ते सरकार ठरवणार.

शब्दाचं जाऊ द्या, अनुभव बघू. मुख्यमंत्री देवेंद्र फडणवीस यांनीच सांगितलं की असा कायदा शेजारच्या राज्यांत आहे, त्यात छत्तीसगड आहे. चांगलं सांगितलं. छत्तीसगडचा विशेष जनसुरक्षा कायदा २००५ चा आहे. २०२१ च्या मे महिन्यात सुकमा-बिजापूरच्या हद्दीवर सिलगेर गावात लोक सुरक्षा दलाच्या कॅम्पविरुद्ध बसले होते. १७ मे ला गोळीबार झाला, माणसं मेली. त्यातून आदिवासी पोरापोरींनी ‘मूलवासी बचाओ मंच’ उभा केला. ग्रामसभेला न विचारता कॅम्प का, खाणीला रस्ता का, हे विचारत ते धरण्याला बसले. ३० ऑक्टोबर २०२४ ला छत्तीसगड सरकारने याच कायद्याखाली त्या मंचावर बंदी घातली. कारण काय दिलं? विकासकामांना आणि कॅम्पना विरोध करतात, लोकांना भडकवतात.

आता आपल्याकडचं बघा. गडचिरोलीत एटापल्ली तालुक्यातल्या तोडगट्ट्याला २०२३ साली लोहखाणींविरुद्ध आठ महिन्यांवर ठिय्या चालला. तिथले लोकही हेच म्हणत होते, ग्रामसभेला विचारा. उद्या त्यांना ‘तत्सम’ म्हणायला किती वेळ लागेल? आणि तुम्हाला-आम्हाला?

हातात बंदूक घेणाऱ्यासाठी यूएपीए १९६७ पासून आहे, मकोका १९९९ पासून आहे. मोर्चा अडवायला पोलीस कायद्याचं ३७ कलम आहे, ते तर वर्षात कितीदा लागू असतं ते आपल्यालाच माहीत. पूर्वीचं १४४ आता नव्या संहितेत १६३ झालंय. एवढं सगळं हातात असताना नवीन कायदा कोणासाठी लागतो? जो बंदूक उचलत नाही, फक्त आवाज उचलतो, त्याच्यासाठी.

आणि आवाज उचलल्याशिवाय आपल्याला काय मिळालं ते एक तरी दाखवा. ३ मे २००२ ला केंद्राच्या वन मंत्रालयाने अतिक्रमणं काढायचं पत्र काढलं. देशभर आदिवासी रस्त्यावर आले, तेव्हा कुठे २००६ साली वनहक्क कायदा झाला. मार्च २०१८ ला नाशिकहून हजारो आदिवासी शेतकरी सहा दिवस चालत मुंबईत गेले, पाय सोलपटले. त्यानंतर सरकारने लेखी दिलं की दावे सहा महिन्यांत निकाली काढू. तेव्हा मुख्यमंत्री कोण होते? हेच, देवेंद्र फडणवीस. ते लेखी पाळलं असतं तर २०१९ ला आणि २०२३ ला परत चालावं लागलं नसतं. १३ फेब्रुवारी २०१९ ला सुप्रीम कोर्टाने नामंजूर दाव्यांच्या जमिनी खाली करायचा आदेश दिला. देशभर ओरड झाली, केंद्र सरकारला कोर्टात जावं लागलं, २८ फेब्रुवारीला स्थगिती आली. पंधरा दिवसांत. गप्प बसलो असतो तर?

आणि सार्वजनिक शांततेचं आम्हाला कोणी शिकवू नये. २०१८ ला मोर्चा मुंबईत शिरला तेव्हा दुसऱ्या दिवशी दहावीचा पेपर होता. पोरांना त्रास नको म्हणून थकलेली माणसं झोप न घेता रात्रीतूनच आझाद मैदानापर्यंत चालली. ही आमची शांतता. ती कुठल्या कायद्याने शिकवलेली नाही.

२५ सप्टेंबर १९३० ला चिरनेरला जंगल सत्याग्रहात गोळ्या झेलून माणसं मेली. त्यांनी काय केलं होतं? इंग्रजांच्या जंगल कायद्याची अवज्ञा. आज त्यांच्या स्मारकावर पुढारी हार घालतात. हार घालायला अवज्ञा चालते, करायला चालत नाही!

आता आमदार काय उत्तर देतील ते आपल्याला आधीच ठाऊक आहे.

सत्तेतला आमदार म्हणेल, व्हीप होता. पक्षाच्या आदेशाविरुद्ध मत दिलं तर १९८५ च्या पक्षांतरबंदीने आमदारकी जाते. ठीक. पण व्हीप मतदानाचा असतो. भाषणात आदिवासी गावांची भीती मांडू नका, असा व्हीप नसतो. समितीत दुरुस्ती सुचवू नका, असा व्हीप नसतो. विधेयक वर्षभर फिरत होतं, त्या काळात एकदा गावात येऊन ‘तुमचं काय म्हणणं’ असं विचारू नका, असा तर नसतोच नसतो. आणि आमदारकी गेली तर काय जाईल? गाडी जाईल, कोटा जाईल. आमच्या पोरांची तीन वर्षं जाणार आहेत.

विरोधातला आमदार म्हणेल, सरकारकडे बहुमत होतंच, पोल मागून काय झालं असतं? झालं असतं ते असं, की आज तुमचं नाव आमच्या हातात असतं. हरणाऱ्या मताचीही नोंद लागते. आपला दावा जिल्हा समितीत नामंजूर होतो तेव्हा आपण अपील का करतो? नामंजूर झाला तरी कागद राहिला पाहिजे म्हणून. पुढे कोर्टात, पुढच्या निवडणुकीत, पुढच्या पिढीला तो कागद दाखवता येतो. तुम्ही तो कागदच ठेवला नाही.

परिषदेतले विरोधक म्हणतील, आम्ही सभात्याग केला. सभात्याग म्हणजे काय? दार उघडून बाहेर जाणं. बाहेर गेलेल्याचं मत ‘नाही’त धरत नाहीत. आणि संयुक्त समितीत विरोधी पक्षांचेही मोठमोठे आमदार होते. समितीच्या अहवालाला त्यांनी भिन्न मतपत्रिका जोडली नाही. समितीत गप्प, विधानसभेत एक सोडून कोणी उघड नाही म्हणेना, परिषदेत बाहेर. मग बाहेर कॅमेऱ्यासमोर भाषण. याला विरोध म्हणत असतील तर सरकारला असाच विरोध पाहिजे.

आणि एक गोष्ट सगळ्यांनी लक्षात ठेवा. घटनेच्या १९४ कलमात लिहिलंय की आमदार सभागृहात जे बोलेल, जसं मत देईल, त्याबद्दल त्याच्यावर कोर्टात कारवाई होत नाही. म्हणजे महाराष्ट्रात बोलण्याला सगळ्यात जास्त संरक्षण ज्या २८८ माणसांना आहे, ती गप्प बसली. आणि ज्यांना काहीच संरक्षण नाही त्यांनी बोलू नये असा कायदा त्यांनी केला.

आपण आता काय करायचं? रडत बसायचं नाही. घटनेत आपल्यासाठी पाचवी अनुसूची आहे. महाराष्ट्रात तेरा जिल्ह्यांत अनुसूचित क्षेत्र आहे. त्या अनुसूचीच्या ५ व्या परिच्छेदात राज्यपालांना अधिकार दिलाय की राज्याचा एखादा कायदा अनुसूचित क्षेत्राला लागू होणार नाही, अशी अधिसूचना ते काढू शकतात. जो अधिकार कागदावर आहे तो मागायचा. म्हणून प्रत्येक गावाने ग्रामसभा घ्यावी. कोरम पूर्ण करून, बायांची संख्या मोजून, सह्या-अंगठे घेऊन ठराव करावा. ठरावात दोन गोष्टी. एक, राज्यपालांनी या विधेयकावर सही करू नये. दोन, सही झालीच तर हा कायदा अनुसूचित क्षेत्राला लागू करू नये. ठरावाची एक प्रत राज्यपालांना रजिस्टर पोस्टाने, एक आमदाराला, एक गावाच्या फाईलला. पोस्टाची पावती जपून ठेवा.

आमदाराला दिलेल्या प्रतीसोबत चार प्रश्न लिहून द्या आणि लेखी उत्तर मागा.

१) १० जुलैला (परिषदेचे असाल तर ११ जुलैला) विधेयक मताला टाकलं तेव्हा तुम्ही सभागृहात होता का?

२) होता तर ‘होय’ म्हणालात, ‘नाही’ म्हणालात, की गप्प बसलात?

३) तुम्ही पोल मागितला का? नाही तर का नाही?

४) जनजाती सल्लागार परिषदेत बहुतेक सभासद आदिवासी आमदारच असतात. हे विधेयक तिथे चर्चेला घ्या अशी मागणी तुम्ही केली का?

उत्तर आलं तर ते ग्रामसभेत वाचून दाखवा. नाही आलं तर ‘उत्तर दिले नाही’ असं रजिस्टरला लिहा, तारीख टाका. पुढच्या अंकात आपण गाववार यादी छापू. कोणत्या आमदाराला कोणत्या गावाने विचारलं, आणि तो काय म्हणाला. विधानसभेने जी नोंद ठेवली नाही ती आपण ठेवू. निवडणुकीत हात जोडून पाड्यावर आले की ही यादी समोर धरायची. तेव्हा पक्ष कोणता, झेंडा कोणता, हे बघायचं नाही. फक्त विचारायचं, त्या दिवशी काय म्हणाला होतात?

तोपर्यंत कोणी घाबरून संघटनेची पावती फाडून टाकू नका, मीटिंगला यायचं बंद करू नका. दावे पेंडिंग आहेत, पाऊस चालू आहे, आवण्या चालू आहेत. प्लॉट कसायचा, ग्रामसभा भरवायची, मोर्चा ठरला की निघायचं. हे करणं गुन्हा नाही. हे केल्याशिवाय या देशात आदिवासीला एक गुंठाही मिळालेला नाही.

जोहार! जिंदाबाद!

— संघटनेचा एक कार्यकर्ता
(वाचून झाल्यावर शेजारच्या पाड्यावर द्या. ज्यांना वाचता येत नाही त्यांना वाचून दाखवा.)